वळणावरची राख

झाडू मी ज्याच्या घरी उतरलो होतो त्या रिगझिनच्या स्वयंपाकघरातून न विचारता उचलला होता. आखूड आणि कडक गवताचा, आपल्याकडच्या केरसुणीचा थोरला भाऊ म्हणावा असा. सकाळचे नऊ वाजले होते, थर्मामीटर उणे अठरा दाखवत होता आणि गोठलेल्या तळ्यावर गुडघे टेकून मी केर काढत होतो.

"भालचंद्र गुंजाळ, प्रोप्रायटर, गुंजाळ फोटो स्टुडिओ, संगमनेर," मी मोठ्यानं म्हणालो, "घरी कधी झाडूला हात लावला नाहीस, तो इथं लावलास." आणि हसलो. हसलं की खोकला यायचा. चौदा हजार फुटांवर येऊन चार दिवस झाले होते, तरी तो कोरडा, भुंकल्यासारखा खोकला काही सुटत नव्हता.

ही पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तळं लडाखात आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या जानेवारीत तिथं तंबू लागतील आणि कोणीतरी स्पीकर घेऊन जाईल.

मुंबईच्या एका छापखान्याला कॅलेंडर काढायचं होतं. विषय होता बर्फ. बर्फाचे डोंगर नकोत, बर्फात नाचणारी माणसं नकोत. बर्फ स्वतःहून जे आकार घेतो तेवढेच हवेत, असं त्यांनी बजावलं होतं. लग्नं आणि पासपोर्ट फोटो काढून मी इतका वैतागलो होतो की ऐकताक्षणी हो म्हणालो. अकरा महिन्यांचे अकरा फोटो झाले होते. बारावा मनासारखा मिळत नव्हता, आणि तो घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

तो त्या सकाळी मिळाला. घरापासून पाऊण तासावर डोंगराची एक खडकाळ सोंड तळ्यात शिरली होती. आधीचे तीन दिवस मी सोंडेच्या अलीकडेच घुटमळत होतो. चौथ्या दिवशी टोकाला वळसा घालून पलीकडे गेलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. पायाखाली बर्फ नाहीच, नुसतं काळं पाणी आहे असं वाटावं इतका तो स्वच्छ होता. तळाच्या शेवाळातून वायूचे बुडबुडे वर येतात आणि वाटेतच गोठतात. एक गोठला की त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. वाळत घातलेले पापड गोळा करून एकावर एक रचावेत तशा त्यांच्या पांढऱ्या चवडी खोल खाली गेलेल्या. मधून एक मोठी भेग धावत होती आणि पुढं जाऊन तिला तीन फाटे फुटले होते. मी देवाला नमस्कार करणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी केला.

खोट एकच होती. बर्फावरून राखाडी रंगाचा एक ओबडधोबड पट्टा गेला होता. चुलीतली राख. घराजवळही मी ती पाहिली होती. पाय घसरू नये म्हणून टाकतात, हे कळत होतं. पण इथं ती नेमकी माझ्या चौकटीच्या डाव्या अंगानं आली होती आणि बुडबुड्यांना वळसा घालून गेली होती.

तेव्हा फिल्मचे दिवस होते. मोठ्या फिल्मवर फोटो घेण्याआधी आम्ही कॅमेऱ्याला पोलरॉइडची पाठ लावून एक झटपट फोटो काढायचो. उजेड, चौकट, सगळं त्यावर तपासायचं. एवढ्या थंडीत तो फोटो नीट उमटत नाही, म्हणून काखेत धरून बसावं लागतं. काखेत धरला, दोन मिनिटांनी काढला, बघितला. चित्र अप्रतिम आणि त्यावर तो डाग.

आता डाग म्हटलं की माझा हात आपोआप चालतो. आमचे अण्णा रिटचिंगचे कारागीर. निगेटिव्ह उजेडापुढं धरायची, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या, चामखीळ एकेक ठिपका देत घालवायची. तालुक्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं अण्णांच्या पेन्सिलीनं जमवली, असं लोक म्हणायचे. मीही चौदाव्या वर्षापासून त्याच टेबलाशी बसलेला. डाग कशाचा आहे हे विचारायची आम्हाला सवय नव्हती. दिसला की काढायचा.

म्हणून मी परत घरी जाऊन झाडू आणला होता. चाळीसेक पावलांची राख झाडून काढली, वर मफलरनं बर्फ पुसून घेतला. मग नऊ फोटो घेतले. त्यातलाच एक पुढं डिसेंबरच्या पानावर छापला गेला आणि लोकांनी फार कौतुक केलं, हे आत्ताच सांगून टाकतो.

दुपारी साडेबाराला मी घरी पोचलो ते जवळजवळ नाचतच. रिगझिन चुलीपाशी बसून रोट्या भाजत होता. हा माझ्या मेव्हण्याचा वर्गमित्र. नवव्या वर्षी गावातून उचलून याला पुण्याच्या एका वसतिगृहात घातलं होतं. दहा वर्षं तिथं काढल्यामुळं तो सदाशिव पेठेत जन्मल्यासारखं मराठी बोलायचा. आता लेहच्या शाळेत मास्तर होता. बायको-मुलगी लेहला, आणि हा हिवाळ्याच्या सुट्टीत आईला न्यायला वर आला होता. आई यायला तयार नव्हती. चार दिवस त्या दोघांचं तेच चाललेलं मी ऐकत होतो; भाषा कळत नसली तरी भांडण कळतं.

"मिळाला वाटतं फोटो," रिगझिन म्हणाला. "चेहऱ्यावर पेढे वाटल्यासारखं दिसतंय."

"मिळाला! बारावा! आता तुझा ट्रक येईल त्या दिवशी मी खाली उतरायला मोकळा."

"तुम्ही उतराल हो. आमच्या मातोश्रींचं काय ते बघायचं." त्यानं रोटी उलटली. "चार दिवसांनी ट्रक जाईल, मग मार्चपर्यंत काही नाही. मी त्याच ट्रकनं जाणार, आणि ही इथं एकटी. आणि एकटी तरी गप्प बसते का? रोज सकाळी तळं ओलांडून मामाकडं. मामा म्हातारा, अंथरुणाला खिळलेला. त्याचं जेवण घेऊन जायचं, त्याला आंघोळ घालायची, त्याच्याशी भांडायचं आणि परत यायचं. वय किती? एकाहत्तर. आणि डोळ्यांत काचबिंदू."

"म्हणजे दिसत नाही?"

"समोरचं माणूस ओळखत नाही ती, दादा. तुम्हाला ओळखते ते खोकल्यावरून. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर काही परत येत नाही, आहे ती सांभाळा."

"मग तू तिला तळ्यावरून एकटीला जाऊ देतोस?"

"आमचा करार झालाय." त्यानं रोटी माझ्या ताटलीत टाकली. "पांढऱ्यावरचं काळं तेवढं तिला दिसतं म्हणते. म्हणून सकाळी जाताना डब्यातनं राख सांडत जाते आणि दुपारी त्या रेघेवरनं परत येते. रोज नवीन, कारण रात्री वारा सगळं उडवून नेतो. ज्या दिवशी रेघ दिसणार नाही त्या दिवशी मुकाट्यानं लेहला यायचं, असं तिनंच कबूल केलंय. मी इथं खिडकीत बसून बघतो. सोंडेच्या टोकाला वळली की दिसायला लागते. अगदी रेघेवरनं येते बरं का, सरळ. मग मी काय बोलणार?"

घास माझ्या तोंडातच राहिला.

मी पाणी प्यालो, ताटली खाली ठेवली आणि म्हणालो, "रिगझिन, मी ती राख झाडली."

"कुठली?"

"रेघ. फोटोत येत होती म्हणून. चाळीस पावलं असेल. सोंडेच्या पलीकडं, वळणावरची."

त्यानं आधी चुलीवरचा तवा उतरवून ठेवला, मग माझ्याकडं बघितलं. "वळणावरची," तो म्हणाला. "ते वळण कशासाठी आहे माहितीये तुला?" पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. "तिथं खाली झरा आहे. कोमट पाण्याचा. बर्फ धरत नाही नीट. बुडबुडे उगाच दिसतात का तिथं? रेघ सरळ गेली तर माणूस थेट झऱ्यावर जातं."

"किती वाजता परत येते?"

"तीन. सव्वातीन." तो बूट चढवत होता. भिंतीवरचं घड्याळ एक वाजल्याचं दाखवत होतं.

मी चुलीशेजारचं राखेचं पोतं उचललं. पंधरा किलो तरी असेल. रिगझिन म्हणाला, "ते कशाला?"

"रेघ परत घालायला."

"कुठनं घालणार? झऱ्याची जागा दरवर्षी सरकते. यंदाचं वळण तिनं डिसेंबरात काठीनं ठोकून ठोकून ठरवलंय. मला माहीत नाही ते. कोणालाच माहीत नाही. राहू दे ते पोतं, चल."

मी पोतं सोडलं नाही. खांद्यावर टाकलं आणि त्याच्या मागं निघालो. त्या उंचीवर नुसतं चालताना मला दर शंभर पावलांवर थांबावं लागायचं. त्या दिवशी एकदाच थांबलो, तेही खोकल्यानं वाकवलं म्हणून. रिगझिन पुढं, मी मागं; तो वळूनही बघत नव्हता.

सोंडेच्या टोकाशी पोचलो तेव्हा पावणेदोन होत आले होते. माझी झाडलेली जागा उन्हात लखलखत होती. अलीकडं राखेची रेघ, पलीकडं राखेची रेघ, मध्ये आरसा. काय सफाईनं काम केलं होतं मी.

"तुम्ही इथं बसा," रिगझिन म्हणाला. राग थोडा निवला होता, 'तुम्ही' परत आलं होतं. "मी काठाकाठानं पलीकडे जातो, मामाच्या बाजूला. ती निघाली की हात धरून आणतो."

"हात धरून."

"मग काय उचलून?"

"आणि तिला काय सांगशील?"

तो म्हणाला, "सांगायचं काय त्यात? रेघ नाहीये. करार तिचाच आहे. रेघ नाही तर लेह." माझ्याकडं न बघता त्यानं हातमोजे घट्ट केले. "खरं सांगू का, दादा, बरंच झालं. पंधरा दिवस डोकं फोडतोय मी तिच्यापुढं. तुमच्या झाडूनं पाच मिनिटांत काम केलं. तिच्या जिवाला धोका नाही, कोणाचं वाईट नाही. होतंय तर होऊ दे ना."

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. राख मी झाडलीये. तिची नजर गेलेली नाही, मी तिची रेघ पुसली. त्याची शिक्षा तिला का? तुला तिला न्यायचं असेल तर पटवून ने, भांडून ने. माझ्या चुकीच्या आडून नेऊ नकोस."

"तुमचं काय जातंय बोलायला! उद्या ती खाली गेली बर्फाखाली तर तुम्ही संगमनेरला असाल."

तो बोलला ते खरंच होतं, त्यामुळं जास्त लागलं. मी कोटाच्या आतून सकाळचा पोलरॉइड काढला आणि त्याच्यापुढं धरला. झाडण्याआधीचा. त्यात भेग होती, तिचे तीन फाटे होते, बुडबुड्यांच्या चवडी होत्या आणि डाव्या अंगानं गेलेली रेघ, बारीकसारीक वळणासकट, जशीच्या तशी होती.

रिगझिननं फोटो हातात घेतला. मग बर्फावर गुडघे टेकले, भेग शोधली, फाटे मोजले. परत फोटो बघितला. "पहिल्या फाट्यापासनं दोन हात बाहेर," तो स्वतःशीच म्हणाला.

"घालू या?"

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"तर तू आहेस ना. आपण दोघं झऱ्याच्या बाजूला बसू. ती एक पाऊल जरी आत आली तरी तू तिला धर, ट्रकमध्ये बसव, मी तुझी बॅग उचलतो. पण आधी मला रेघ घालू दे."

"एवढं काय पडलंय तुम्हाला? चार दिवसांची ओळख. तिच्याशी धड दोन वाक्यं बोलला नाहीत तुम्ही."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिथं बर्फावर, पोतं सोडवता सोडवता सांगितलं.

"अण्णांचा हात कापायला लागला होता. एका नवरीची निगेटिव्ह बिघडवली त्यांनी; डोळ्यातच पेन्सिल गेली. गिऱ्हाईकानं तमाशा केला. मी त्याच संध्याकाळी त्यांचं टेबल आवरलं. पेन्सिली, पाती, भिंग, सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. म्हटलं, अण्णा, झालं तेवढं खूप झालं, आता आराम करा. प्रेमानंच म्हटलं रे. ते रोज दुकानात येऊन खुर्चीवर बसायचे आणि बसल्या बसल्या त्यांची बोटं मांडीवर ठिपके देत राहायची. आठ महिन्यांत गेले. आजार काहीच नव्हता."

रिगझिन ऐकत होता.

"आणि ती निगेटिव्ह," मी म्हणालो, "अण्णांनी बिघडवलीच नव्हती. ती मी बिघडवली होती. आदल्या दिवशी घाईत. त्यांना वाटलं त्यांचाच हात चुकला, आणि मी वाटू दिलं. मलाही बरंच वाटलं होतं तेव्हा. होतंय तर होऊ दे."

तळं मधूनच आतल्या आत गडगडत होतं. उन्हानं बर्फ ताणला की तसा आवाज येतो. मग रिगझिननं पोत्यात हात घातला, मूठभर राख घेतली आणि म्हणाला, "फोटो नीट धरा. हलवू नका."

पाऊण तास लागला. मी फोटो धरून सांगायचो, "अजून वीतभर बाहेर. हां. आता भेगेला समांतर." तो वाकून मुठीतनं राख सोडत जायचा. एकदा झऱ्याच्या बाजूला त्याचा पाय पडला तेव्हा बर्फ बारीक करकरला आणि आम्ही दोघंही श्वास रोखून थांबलो. हातमोज्यातली बोटं मला लागेनाशी झाली होती. तोंडात राख गेली होती. पण रेघ झाली, आणि अलीकडच्या-पलीकडच्या रेघेला अशी जुळली की आम्हीच घातलीये हे माहीत असूनही सांधा सापडेना.

मग आम्ही झऱ्याच्या अलीकडं, रेघेपासून सातआठ पावलांवर, पोतं टाकून बसलो. सोंडेच्या खडकाआड असल्यानं तिथून घर दिसत नव्हतं आणि घराला आम्ही दिसत नव्हतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती दिसली. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एक गडद ठिपका, मग हळूहळू माणूस. पाठीला टोपली, हातात काठी. यांगचेन तिचं नाव. मी सगळ्यांसारखा तिला आमाले, म्हणजे आई, म्हणायचो. चाल ठणठणीत होती. काठी पुढं टाकायची, बर्फावर एकदा टक् करायची आणि पाऊल उचलायचं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या देवळात जाताना चालतात त्याच्यापेक्षा झपझप चालत होती.

"बघा," रिगझिन कुजबुजला, "रेघेवरनं." लांबून तसंच दिसत होतं.

ती जवळ आली तेव्हा कळलं. ती रेघेवर नव्हती. रेघ तिच्या डाव्या हाताला होती, तीन पावलांवर. वळणाच्या थोडं आधी ती चार पावलांवर गेली. पायाखाली काय आहे हे ती बघतच नव्हती. मान वर होती, तोंड थोडं वळलेलं, दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकणाऱ्या माणसासारखं. काठी टक्. थांबली. पुन्हा टक्, जरा उजवीकडं. तो आवाज वेगळा आला हे माझ्यासारख्यालाही कळलं. ती तिथूनच वळली, झरा आणि रेघ दोन्ही लांब ठेवून, आमच्या पाऊण तासाच्या राखेकडं ढुंकूनही न बघता.

रिगझिन अर्धवट उठला होता. तो तसाच हळूहळू खाली बसला. त्याचं तोंड मी बघू शकलो नाही.

तिला रेघ दिसत नव्हती. पांढऱ्यावरचं काळं, काहीच दिसत नव्हतं. सकाळी डब्यातनं राख सांडत जायची ती स्वतःसाठी नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याच क्षणी, जेव्हा सगळ्यात गप्प राहायला हवं होतं तेव्हा, मला खोकला आला.

ती थांबली.

"फोटोवाला?" ती म्हणाली. तिला हिंदी येत होती, मोडकीतोडकी. मी ते आपल्या भाषेत सांगतो.

मी रिगझिनकडं बघितलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हो, आमाले," मी म्हणालो.

"तिथं बसू नकोस. खाली पाणी आहे."

"बरं."

"एकटाच आहेस?"

रिगझिन हलला नाही. त्याचा श्वाससुद्धा मला ऐकू येत नव्हता. मी म्हणालो, "एकटाच."

तिनं टोपलीचा पट्टा सारखा केला. मग आवाज खाली आणून, चोरी पकडली गेलेल्या माणसानं बोलावं तसं हसत म्हणाली, "रेघ कुठं आहे? माझ्या कुठल्या हाताला?"

"डाव्या. पाच पावलं."

तिनं पाच पावलं डावीकडं टाकली. शेवटच्या पावलाला बुटाखाली राख खरखरली. "हां," ती म्हणाली. "आता इथून पुढं खिडकीतून दिसतं. रोज मी बुटानं शोधते, कधी पटकन सापडत नाही. पुढं सरळ आहे?"

"सरळ आहे."

"रिगझिन बसलेला असतो खिडकीत. लहान असल्यापासून भित्रा आहे तो. त्याला रेघ दिसली की बरं वाटतं." काठी तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्याला हे सांगू नकोस."

मी रिगझिनकडं बघितलं. हा बत्तीस वर्षांचा मास्तर हातमोज्याची मूठ तोंडात घालून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊन गालावरच थिजत होतं. त्याला हवी होती ती गोष्ट त्याच्या पुढ्यात येऊन पडली होती. करार तिनं मोडला होता, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, साक्षीला मी होतो. नुसतं उठून 'आई' म्हणायचं होतं.

त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. नाही.

"नाही सांगत, आमाले," मी म्हणालो.

"शहाणा आहेस," ती म्हणाली आणि निघाली. रेघेवरून, अगदी सरळ, काठी टाकत. सोंडेच्या टोकाला वळली आणि खडकाआड गेली. टक् टक् मात्र बराच वेळ येत राहिलं.

ऊन कड्याच्या मागं सरकलं होतं आणि थंडी एकदम उतरली होती. माझे पाय बधिर झाले होते. मी उठायला लागलो तसा रिगझिननं माझ्या कोटाची बाही पकडून मला खाली बसवलं.

"थांबा थोडं, दादा," तो म्हणाला. "आत्ता निघालो तर तिला दोघांची पावलं ऐकू येतील."